चेअरमनच्या गाडीतली थंड हवा

ज्याला घामच येत नाही असा माणूस तुम्ही कधी पाहिला आहे का? सावलीत बसून खातो म्हणून नव्हे, भर उन्हात उभा केला तरी ज्याच्या पाठीवर एक थेंब फुटत नाही असा?

माझे वडील तसे आहेत. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी शेळ्यांना पाला काढायला ते कडुलिंबावर चढले होते. खाली गवताची काडी राहिली नव्हती, तेव्हा सगळं गावच झाडांवर चढत होतं. फांदी मोडली, अण्णा मानेवर पडले. मानेखालचं अंग गेलं. खांदे हलतात, हात थोडे उचलतात, बोटं नाही. अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी मायला आणि मला समोर बसवलं आणि सांगितलं, मानेखाली यांना आता घाम येणार नाही. बाहेर जसं तापेल तसे हे आतून तापत जातील, आणि अंग थंड करायचं साधन त्यांच्याकडे उरलेलं नाही. उन्हाळ्यात जपा.

बीड जिल्ह्यात उन्हाळ्यात जपा. मायनं हे वाक्य येताना एसटीत स्वतःशीच दोनदा म्हणून पाहिलं, आणि मग खिडकीबाहेर बघत बसली.

अण्णा साखर कारखान्यात होते. ऊस जिथून यंत्रात पडतो त्या गव्हाणीवर. कारखाना सहकारी, म्हणजे सभासदांचा, म्हणजे कागदावर आमचाही. पाळी संपवून आले की अण्णा पत्रकं लिहीत. आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. मी अक्षरं गिरवली ती त्यांच्या कोऱ्या बाजूवर, आणि वाचायला शिकले ते छापील बाजूवरून. इतर मुली पाहुण्यांसमोर कविता म्हणायच्या. मी अण्णांचं पत्रक म्हणायचे, हातवाऱ्यांसकट. त्यातलं सगळ्यात गाजलेलं होतं चेअरमनच्या गाडीवरचं.

लांब बोनेटची, पांढरीशुभ्र गाडी होती ती. तालुक्यात एसी असलेली पहिली. ऊसतोडीच्या टोळ्या पाचटाच्या झोपड्यांपुढं, कोप्यांपुढं, पोरंबाळं घेऊन उन्हात बसलेल्या असायच्या आणि ही गाडी काचा बंद करून त्यांच्या समोरून जायची. टँकरच्या पाण्यानं धुतली जायची. अण्णांनी लिहिलं होतं: 'सभासदाच्या घामावर चेअरमनची थंड हवा.' मला ते वाक्य तेव्हा आवडायचं, आजही आवडतं. त्यात काही खोटं नव्हतं.

पुढं ऊस संपला, कारखाना बंद पडला, चेअरमन पदावरून गेले. भंगारात निघालेली ती गाडी त्यांच्याच जुन्या ड्रायव्हरनं घेतली. ड्रायव्हरकाका आमच्या शेजारच्या आळीत राहतात. ते ती लग्नात नवरदेव मिरवायला द्यायचे. दुष्काळात लग्नंही सामुदायिक झाली, एकेका मांडवात वीस-वीस नवरदेव, गाडी कुणालाच लागेना. ती त्यांच्या दारात ताडपत्रीखाली उभी असायची.

गेल्या मे महिन्यातल्या एका सकाळी अण्णांना ताप चढला. लघवीच्या नळीतून आत काहीतरी गेलं होतं. पाटोद्याच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि सरळ सांगितलं, "अंबाजोगाईला न्या. त्यांचे सगळे कागद तिथंच आहेत. संध्याकाळची वाट बघू नका. पण साध्या जीपमध्ये घालू नका, पोचायच्या आत भाजून निघतील." रुग्णवाहिका बाळंतिणीला घेऊन बीडला गेली होती. थंड हवेची गाडी म्हणाल तर ज्यांच्याकडे होती ते पुढारी लग्नसराईत होते, फोन उचलत नव्हते. मी गल्लीत धावले. ड्रायव्हरकाकांनी ताडपत्री ओढली.

अण्णा बाजेवर होते. डोळे लाल, ओठ कोरडे, कपाळावर मात्र घाम. तेवढाच त्यांच्या वाट्याला राहिलेला.

"कुणाची गाडी?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

"त्या गाडीत मी न्हाई बसणार."

"अण्णा, चेअरमन कधीचे गेले तिच्यातून."

"हवा तीच हाय ना?"

मायनं उशीखालून चादर ओढली. "हवा कुणाच्या बापाची न्हाई. उचला ह्यांला. पत्रक म्हणायचंच असंल तर गाडीत पडून म्हणा."

आळीतल्या चौघांनी बाजेसकट उचलून त्यांना गाडीपाशी आणलं आणि मागच्या सीटवर आडवं केलं. डोकं मायच्या मांडीवर, पाय दाराला टेकलेले. ड्रायव्हरकाका त्यांचा पाय नीट दुमडत म्हणाले, "अण्णा, तुमच्या पत्रकानं ही गाडी लई गाजली बरं का. लग्नाला लोक मुद्दाम मागायचे, ती पत्रकातली गाडी पायजे म्हणून. तुमचंच खाल्लंय मी इतके दिवस."

अण्णांनी डोळे मिटले. हसले की नाही ते कळलं नाही.

गाव सुटलं आणि काकांनी एसीचं बटण दाबलं. पंखा घरघरला. हवा आली ती भट्टीच्या तोंडासारखी. काका म्हणाले, थांबा, म्हातारी हाय, तिला दम लागतो. मैलभरानंतरही हवा आली ती फुंकर घातल्यासारखी, आणि कोमटच. मी मागं हात घालून अण्णांच्या कपाळाला लावला. कपाळ पोळत होतं.

"काका, होत नाहीय."

"जाळीत कायतरी अडकलंय." त्यांनी गाडी बाभळीखाली घेतली. मायच्या अंबाड्यातला आकडा मागून घेतला आणि समोरच्या हवेच्या फटीत घालून उकरायला लागले. आतून दाणे पडले. पिवळे, लाल, ज्वारीचे. मग मूठभर पडले, मग ओंजळभर. अक्षता होत्या. कितीतरी नवरदेवांच्या डोक्यावरून उडालेल्या, फटीतून आत गेलेल्या. आमच्याकडं तांदूळ कुठला, ज्वारीच रंगवतात. काकांनी पंखा पूर्ण सोडला तेव्हा उरलेले दाणे टणाटण उडून माझ्या तोंडावर बसले. मागून माय म्हणाली, "लागलं एकदाचं लगीन हिचं." त्या दिवसातलं तेवढंच हसू.

आता हवा जोरात आली, पण थंडी टिकेना. काकांनी मागं वळून पाहिलं आणि ओरडले, "वहिनी! काच कावून उघडी ठेवली?"

"कोंडल ना मानूस," माय म्हणाली. "कूलरला खिडकी लागतीच की."

तिचं चुकलं नव्हतं. आमच्या भागात थंडाव्याचा एकच नियम माहीत आहे: ओलं गवत, पंखा आणि उघडी खिडकी. कूलर बंद खोलीत चालत नाही हे शेंबडं पोरही जाणतं. या गाडीचा नियम उलटा होता. सगळं बंद करायचं, जगाला बाहेर ठेवायचं, मगच आत थंड. मी काच वर करताना मला अण्णांचं पत्रक आठवलं. त्यांनी ते बंद काचांवरच लिहिलं होतं.

तरी थंड हवा पुढंच राहत होती. माझे गुडघे गार पडले आणि मागं अण्णा तापलेलेच. जुन्या गाडीत फटी फक्त पुढं. मी इकडंतिकडं पाहिलं. अण्णांच्या पायांखाली मऊ लागावं म्हणून मायनं घरातून आणलेला लपेटा पाईप होता. शेतात पाणी न्यायचा, चपटा, गुंडाळून ठेवता येणारा प्लॅस्टिकचा पाईप. विहीर आटल्यापासून तो माळ्यावर पडून होता. मी त्याचं एक तोंड हवेच्या फटीवर दाबून धरलं आणि दुसरं मायकडं फेकलं. पाईप फुगला. पावसाळी वर्षात मोटर चालू केल्यावर फुगायचा तसाच, सळसळत. मायनं त्याचं तोंड अण्णांच्या मानेपाशी धरलं.

बऱ्याच वेळानं अण्णा म्हणाले, "गार हाय."

मान आणि तोंड, एवढंच त्यांना कळतं. तेवढ्याला गार लागलं. मी पुढं तोंड करून बसले आणि दोन्ही हातांनी पाईप दाबून धरला. मांजरसुंबा आलं, गेलं. घाट उतरताना गाडी पळत होती, हवा बर्फासारखी येत होती, आणि मला पहिल्यांदा वाटलं की आपण पोचू.

नेकनूरच्या अलीकडं एका फाट्यावर रस्ता बंद होता.

समोर ट्रकची रांग, आणि रांगेपुढं डांबरावर बायका बसलेल्या. प्रत्येकीपुढं रिकामी घागर. टँकर आला नव्हता. मी लांबूनच ओळखलं. अशा रास्ता रोकोत मी स्वतः बसलेली आहे. त्यांची मागणी मला पाठ होती आणि ती बरोबर होती.

काका म्हणाले, "पोरी, एक सांगतो. ही पळती तोवर थंड. उभी राहिली की संपलं. हिच्या पुढल्या जाळीतून आतली गरमी बाहेर पडती. वारा लागला तर पडती. जुना गॅस आता मिळत न्हाई, नवा भरलाय, तो हिला झेपत न्हाई." ते सांगत होते तोवरच माझ्या तळहाताखाली हवा बदलली. गार, मग कोमट, मग गरम. मी पाईप सोडला, नाहीतर भाजणारी हवा सरळ अण्णांच्या मानेवर गेली असती.

मी उतरून पळत पुढं गेले. "मावशी, वाट द्या. पेशंट हाय."

सगळ्यांत पुढं बसलेल्या बाईनं माझ्यापलीकडं गाडीकडं पाहिलं. गाडी तिला माहीत होती. तिथं सगळ्यांनाच माहीत होती.

"पेशंट? चेअरमनच्या गाडीत?" ती म्हणाली. "ह्या गाडीनं आमच्या तोंडावर लई धुरळा उडविलाय. दवाखान्याची गाडी सोडायची, पुढाऱ्याची न्हाई. असंच ठरलंय."

असंच ठरलं होतं. आमच्या पत्रकांत तसंच लिहिलेलं असतं. मी म्हणाले, "एकदा येऊन बघा. मग बसा पुन्हा."

ती आली. तिच्याबरोबर एक म्हातारी आली. त्यांनी दारातून आत वाकून पाहिलं. अण्णांचं तोंड उघडं होतं, श्वास भरभर चालला होता, डोळे वर गेलेले. माय चादरीनं वारा घालत होती, बाटलीतलं शेवटचं पाणी त्यांच्या केसांत चोळत होती. म्हातारीनं अण्णांच्या छातीवर हात ठेवला आणि चटकन काढला.

"अगं, तवा हाय हा."

"ह्यांना घाम येत न्हाई," माय म्हणाली. बस, एवढंच.

बाईनं मागं वळून हाळी दिली. बायका उठल्या, घागरी उचलल्या. रस्ता मोकळा झाला, पण आमच्यासाठी नाही. आमच्यापुढं दहा-बारा ट्रक होते, समोरून तितकेच आलेले, आणि सगळे एकदम निघाले ते पुढच्या अरुंद पुलावर अडकले. काका खाली उतरून ट्रकवाल्यांवर ओरडत होते, "मागं घे बे! मागं घे! मानूस मरतोय हितं!" ट्रकवाला ओरडत होता, "मागं कुठं घेऊ, तुज्या बोडक्यावर?"

काका परत आले. "जाळीवर पाणी मारलं तर चालल," ते म्हणाले. "वाऱ्याचं काम पाणी करतं. पण पाणी पायजे."

पाणी. रिकाम्या घागरी घेऊन बसलेल्या बायकांकडं, गाडीसाठी.

एक घागर रिकामी नव्हती. बाभळीच्या सावलीत, फडकं बांधून, सगळ्यांना प्यायला म्हणून ठेवलेली, अर्धी. मी चालत गेले आणि तिला हात घातला. मला माझ्या मागं अण्णांचा आवाज आला, दाराच्या फटीतून, अगदी बारीक: "गाडीला पाणी नको." शुद्ध पुरती नव्हती, तरी हे वाक्य त्यांना आलं. मी घागर उचलली. कुणी विचारलं तर सांगते, मी ती ओतली असती. माझ्या बापाच्या सगळ्या पत्रकांवर ओतली असती.

"ठेव ती," म्हातारी म्हणाली.

मी ठेवली नाही.

"ठेव म्हणते ना. गाडीला पियाचं कावून? न्हाणीचं चालत न्हाई का तिला?"

तुम्ही दुष्काळात राहिला नसाल तर सांगते. आमच्याकडं त्या वर्षांत माणसं बाजेवर बसून अंघोळ करायची. बाजेखाली घमेलं, वरून तांब्याभर पाणी, जे खाली गळेल ते साठवायचं. त्यात कपडे धुवायचे, उरलं ते ढोरांना, नाहीतर झाडाला. मी घरी हेच करत होते. अण्णांना रोज असंच पुसून काढत होतो. आणि तरी भर रस्त्यात मला सुचलं नाही, की लोखंडाच्या जाळीला साबणाचं पाणी नि प्यायचं पाणी सारखंच.

"चालतं," काका म्हणाले. "काय बी चालतं. वलं असलं म्हंजे झालं."

घरं रस्त्याला लागूनच होती. बायकांनी रांग केली. घरातून बादल्या, डबे, एक तुटक्या कानाची कढई, हातोहात येऊ लागली. पाणी करडं, साबणाचा वास येणारं, त्यात केस. काकांनी बोनेट वर केलं आणि तांब्यानं जाळीवर पाणी मारायला सुरुवात केली. चर्र आवाज, वाफ. पाणी खाली डांबरावर गळलं मात्र, तोच एकीनं सवयीनं बंपरखाली घमेलं सरकवलं. कुणी सांगितलं नव्हतं. गळलेलं पाणी पुन्हा तांब्यात, पुन्हा जाळीवर, पुन्हा घमेल्यात.

"चेअरमनच्या गाडीला आंघोळ घातली गं आमी," मघाची बाई म्हणाली. "आता हळद लावा तिला."

"हळद कसली, पाठ चोळ तिची. लई मळलीय."

मी आत बसून फटीपाशी हात धरला होता. गरम. गरम. कोमट. मग माझ्या बोटांच्या पेरांना गार लागलं आणि मी ओरडले. पाईप लावला, मायनं दुसरं तोंड धरलं. पाईप पुन्हा सळसळत फुगला. पुलावरचे ट्रक हलेपर्यंत त्या बायका पाणी मारत राहिल्या, तेच तेच पाणी. उन्हात उभ्या राहून, त्यांचे पदर घामानं भिजलेले. आत माझ्या बापाला त्यांच्या घामाची थंड हवा मिळत होती. ते वाक्य त्याच वेळी माझ्या डोक्यात आलं आणि मला रडू फुटलं. पाईप सोडता येत नव्हता म्हणून डोळे पुसता आले नाहीत.

निघताना म्हातारी काचेपाशी आली. मी काच खाली करायला लागले तर तीच ओरडली, "उघडू नगं, थंडी जाईल!" मग बाहेरूनच, काचेला तोंड लावून म्हणाली, "हा पत्रकं लिवणारा हाय का? मायनं सांगितलं तुज्या. बरा झाला तर त्येला म्हनावं, आमच्या टँकरचं लिव."

पुढं केज, मग अंबाजोगाई. दवाखान्यात बर्फाच्या पिशव्या लावल्या, सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडं तापलं असतं तर मेंदूवर गेलं असतं. संध्याकाळी अण्णांनी मायला ओळखलं आणि पाणी मागितलं. मी खाली आले तेव्हा काका गाडीच्या जाळीतले केस काढत बसले होते. मीही शेजारी बसून केस उपसायला लागले.

अण्णा घरी आले. जगले. पण बरे झाले असं मी म्हणणार नाही, कारण पुन्हा फाल्गुन संपत आला आहे आणि त्यांना घाम येत नाही. यंदाही विहिरीला पाणी नाही. भिंती आत्ताच रात्री तापलेल्या राहतात. गेल्या आठवड्यात पुण्याहून एक गृहस्थ आले होते, जुन्या गाड्यांचे शौकीन. आता तिला क्लासिक म्हणतात. काकांची नजर रस्त्याला पुरत नाही, ते पाडव्यानंतर गाडी देणार आहेत. मी त्या गृहस्थांना म्हटलं, हिचा एसी चालतो बरं का. ते म्हणाले, चालला नाही तरी चालेल, रस्त्यावर काढायचीच नाही.

मी घरी येऊन अण्णांना सांगितलं. ते छताकडं बघत होते.

"लिही," ते म्हणाले. हल्ली ते सांगतात आणि मी लिहिते. "पहिलं त्या फाट्यावरच्या टँकरचं."

ते लिहिलं, छापलं, त्या बायकांना नेऊन दिलं. मग ते म्हणाले, "आता गाडीचं लिही."

"चेअरमनच्या?"

"सभासदाच्या."

हे तेच पत्रक, म्हणून तुम्हाला सांगते आहे. तुमच्या घरात कुणीतरी कुठल्या तरी संस्थेचं सभासद असणारच. कारखाना, दूध संघ, सोसायटी, पतपेढी. तिच्या अध्यक्षाला गाडी असते, आणि आता तिच्यात थंड हवा असतेच. वार्षिक सभेचं बोलावणं आलं की सही करून, चिवडा खाऊन परत येऊ नका. शेवटपर्यंत बसा. विषयपत्रिकेत सगळ्यात खाली 'आयत्या वेळचे विषय' असतात, तेव्हा बहुतेक लोक उठलेले असतात. तेव्हा उभे राहा आणि एवढंच मांडा: होळीपासून मृगापर्यंत संस्थेची थंड गाडी तालुक्याच्या दवाखान्याच्या दारात उभी राहील, आणि ज्याच्या अंगाला ऊन सोसत नाही त्याला पोचवून येईल. अनुमोदन कोण देतंय म्हणून अध्यक्ष विचारतील. शेजारच्याला आधीच सांगून ठेवा. आणि सभा यंदाच्या उन्हाळ्यानंतर असेल, तर सभेची वाट बघू नका. उद्याच संस्थेत जाऊन मागा. आमच्याकडं ऊन चढायला लागलं आहे.